कॅमेरा चालू, चित्रण मात्र बंद

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या मे महिन्यात आमच्या शेजारच्या घराच्या आवारातून रात्री एक दुचाकी चोरीला गेली. फाटकावर कॅमेरा होता, त्याचा दिवा लागलेला होता आणि शेजारी परगावी असूनही त्यांना मोबाइलवर आवाराचे दृश्य स्पष्ट दिसत होते. पोलिसांनी रात्रीचे चित्रण मागितले, तेव्हा कळले की मेमरी कार्डावर फेब्रुवारीनंतरचे एक मिनिटही नोंदले गेलेले नाही. मी आयटीआयमध्ये शिल्प निदेशक म्हणून अनेक वर्षे इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिक हा व्यवसाय शिकवला, त्यामुळे ते कार्ड तपासण्यासाठी माझ्याकडे आले. त्यात जे आढळले ते इतर घरांतही घडत असणार, याची मला खात्री वाटते, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

मोबाइलवरचे थेट दृश्य आणि कार्डावरची नोंद या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे कॅमेरा बसवताना बहुधा कोणी सांगत नाही. थेट दृश्य कॅमेऱ्यातून वाय-फायमार्गे मोबाइलवर येते आणि कार्ड काढून ठेवले तरी ते दिसत राहते. त्यामुळे ‘कॅमेरा चालू आहे ना’ हे पाहण्यासाठी ॲप उघडून अंगण दिसले की समाधान मानणारा माणूस प्रत्यक्षात चित्रणाची तपासणी करतच नसतो.

शेजाऱ्यांचे कार्ड संगणकात घातले तेव्हा जुन्या फायली व्यवस्थित उघडत होत्या, पण नवी फाइल लिहिली जात नव्हती. छोटे कार्ड ज्यात बसवून संगणकात घालतात त्या ॲडॅप्टरच्या कडेचे लॉक चुकून सरकले तरी असेच होते, म्हणून आधी ते पाहिले. ते उघडेच होते. कार्ड फॉरमॅट केले, काम पूर्ण झाल्याचा संदेश आला, आणि कार्ड काढून पुन्हा घातल्यावर फेब्रुवारीच्या त्याच फायली जशाच्या तशा समोर आल्या. आयुष्य संपलेल्या कार्डाची ही नेमकी खूण आहे. कार्डातील फ्लॅश मेमरीचे, म्हणजे माहिती साठवणाऱ्या चिपचे, कप्पे ठरावीक वेळाच पुसून पुन्हा लिहिता येतात. निकामी कप्प्यांच्या जागी घ्यायची राखीव जागा संपली की अनेक कार्डांतील नियंत्रक चिप लेखन कायमचे बंद करते आणि आहे तो मजकूर फक्त वाचू देते. अशा कार्डावर पुन्हा पुन्हा फॉरमॅटचे प्रयोग करण्यात अर्थ नसतो, ते बदलावेच लागते.

कार्ड इतक्या लवकर का झिजले, हे साध्या हिशेबाने कळते. कॅमेरा सेकंदाला 2 मेगाबिट या वेगाने अखंड चित्रण करत असेल, तर तासाला सुमारे 900 मेगाबाइट आणि दिवसाला साधारण 21 ते 22 गिगाबाइट लिहिले जातात. म्हणजे 32 गिगाबाइटचे कार्ड दीड दिवसात भरते आणि वर्षभरात जवळपास 245 वेळा पहिल्यापासून शेवटपर्यंत पुन्हा लिहिले जाते. त्याच जागी 128 गिगाबाइटचे कार्ड असेल तर हाच आकडा 60च्या आसपास येतो. मोठे कार्ड जास्त दिवसांचे चित्रण ठेवते हे सर्वांना ठाऊक असते, पण तेच काम करताना ते कमी झिजते, हे फारसे कोणी लक्षात घेत नाही. मात्र कॅमेरा किती क्षमतेपर्यंतचे कार्ड स्वीकारतो, हे माहितीपुस्तिकेत आधी पाहावे आणि नवे कार्ड कॅमेऱ्यातच फॉरमॅट करून घ्यावे. अखंड चित्रणासाठी ‘हाय एन्ड्युरन्स’ असे छापलेली कार्डे मिळतात, तीच घ्यावीत. मोबाइलसाठीच्या साध्या कार्डाची वॉरंटी अशा वापराला लागू होत नाही, असे काही उत्पादक बारीक अक्षरांत लिहितात. विक्रेत्याने ते ग्राहकाला तोंडी सांगायला काय हरकत आहे?

याहून वाईट प्रकार बनावट कार्डांचा आहे. कमी क्षमतेच्या कार्डातील नियंत्रकात फेरफार करून त्याला मोठी क्षमता सांगायला लावले जाते. खरी जागा संपेपर्यंत सारे सुरळीत चालते. त्यानंतरच्या फायलींची नावे दिसतात, पण त्या उघडत नाहीत. ही फसवणूक वेगाच्या चाचणीत सापडत नाही. रिकामे कार्ड पूर्ण भरून परत वाचून पाहणारे ‘एचटूटेस्टडब्ल्यू’सारखे मोफत सॉफ्टवेअर खरेदीच्या दिवशीच चालवावे, त्यात काही तास जातात, पण शंका उरत नाही.

वळवाच्या पावसात वीज जाते-येते, तेव्हा लिहिली जात असलेली फाइल अर्धवट राहते आणि कधी कधी कार्डाची संपूर्ण अनुक्रमणिकाच बिघडते. घरात इन्व्हर्टर असल्यास कॅमेरा आणि राउटर दोन्ही त्यावर घ्यावेत. राउटर बंद असताना कॅमेरा सुरू झाला, तर इंटरनेटवरून वेळ न मिळाल्याने काही कॅमेऱ्यांचे घड्याळ 1970 सालावर जाते. चित्रण झालेले असते, पण आजच्या तारखेखाली ते सापडत नाही. ‘चित्रण गायब झाले’ असे वाटून कार्ड फॉरमॅट करण्यापूर्वी जुन्या तारखाही पाहाव्यात.

घटना घडून गेल्यावर तर घाई मुळीच करू नये. चालू कॅमेरा जुन्या चित्रणावर नवे चित्रण लिहीत जातो आणि लहान कार्डावर तो पुरावा दोन दिवसांत पुसला जातो. म्हणून कॅमेऱ्याची वीज बंद करून मगच कार्ड काढावे आणि त्यावर काहीही न करता पोलिसांकडे द्यावे. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63मध्ये इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत द्यायच्या प्रमाणपत्राची तरतूद आहे. मूळ कार्ड हाताळले गेले नसेल, तर पुढचे कामही सोपे जाते.

कॅमेरा बसवणाऱ्या कारागिरांना माझी विनंती आहे की, थेट दृश्य दाखवून पैसे घेण्याऐवजी त्यांनी अर्ध्या तासाचे चित्रण करून ते परत चालवून दाखवावे आणि कार्ड घातल्याची तारीख पावतीवर लिहावी. उत्पादकांकडून अपेक्षा याहून मोठी आहे. कार्डावर लिहिणे थांबले की ॲपच्या कुठल्याशा आतल्या पानावर ‘कार्डात त्रुटी’ एवढे दोन शब्द दाखवणे पुरेसे नाही. त्याची सूचना मोबाइलवर ठळकपणे आणि कार्ड बदलेपर्यंत रोज यायला हवी. मांजर अंगणातून गेले तरी इशारा देणाऱ्या यंत्राला स्वतःचे चित्रण बंद पडल्याचे सांगणे अवघड नाही. तोपर्यंत प्रत्येक घराने आणि गृहनिर्माण संस्थेने दर महिन्याच्या 1 तारखेला आदल्या रात्रीचे चित्रण कार्डावरून उघडून पाहावे. त्याला पाच मिनिटेही लागत नाहीत, आणि आमच्या शेजाऱ्यांनी तेवढे केले असते, तर कार्ड बंद पडल्याचे मार्चमध्येच कळले असते.

आपला विश्वासू,
एक निवृत्त शिल्प निदेशक, सांगली