दोन उठावांची खिचडी

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कालच्या रविवार पुरवणीतला पोलंडच्या भूमिगत चळवळीवरचा लेख वाचला. गृहसेना, म्हणजे जर्मनांविरुद्ध लढणारी पोलंडची भूमिगत फौज, ही ज्यूंची तारणहार, असा एकूण सूर. सोबत हात वर केलेल्या लहानग्याचं छायाचित्र आणि खाली ओळ, ‘वॉर्सा उठाव, 1944’. अहो, तो फोटो 1943 च्या घेटोतल्या, म्हणजे जर्मनांनी ज्यूंना कोंडलेल्या वस्तीतल्या उठावाचा, जर्मनांच्याच अहवालातला! 1944 चा उठाव गृहसेनेचा, आणि तोवर घेटोत विटांचे ढिगारे उरले होते.

मला याचं नवल नाही. वॉर्सातल्या घेटोवीरांच्या स्मारकापुढे आमच्या टूर मॅनेजरनेही दोन्ही उठाव एकच म्हणून ठोकून दिले होते. मी शंका काढली तर म्हणतो, ‘काका, फोटो काढून घ्या पटकन, पुढे शॉपिंग आहे.’ तिथे भरपूर पैसे मोजून ऐकलं, तुमच्याकडे निदान स्वस्तात वाचायला मिळालं.

दोन्ही उठाव एक केले की अडचणीचा प्रश्न आपसूक गळतो. घेटोतल्या पोरांना गृहसेनेनं दिलं काय? साठएक पिस्तुलं, त्यातलीही काही नादुरुस्त, आणि थोडे हातबॉम्ब. बोनिफ्रातेर्स्का रस्त्यावरची घेटोची भिंत उडवायला गृहसेनेची एक तुकडी गेली, तिचे दोघे पडले, भिंत तशीच राहिली. पुढे 5 ऑगस्ट 1944 ला गृहसेनेच्याच ‘झोश्का’ बटालियननं वॉर्सातल्या जर्मनांच्या गेन्शूव्का छळछावणीतून 348 ज्यू सोडवले, हेही खरंच. पण लपलेल्या ज्यूंना धमकावून पैसे उकळणारे त्याच शहरात होते, आणि अतिउजव्या भूमिगत गटांनी ज्यूंना ठारही मारलं. त्यांच्यावर लेखात एक ओळ नाही.

पोलिश लेखिका झोफिया कोसाक यांचं कौतुक मात्र दोन रकाने. त्यांचं ऑगस्ट 1942 चं पत्रक लेखकमहाशयांनी शेवटपर्यंत वाचलंय का? ही कत्तल बघून गप्प बसणारा खुन्याचा साथीदार, असं त्यात ठणकावलंय. आणि ज्यू हे पोलंडचे शत्रूच, हेही त्यातच लिहिलंय! याच बाईंनी पुढच्याच महिन्यात ज्यूंच्या मदतीसाठी समिती उभी केली, तिच्यातूनच ‘झेगोटा’ ही ज्यूंना मदत करणारी भूमिगत संघटना निघाली. बाई तुमच्या साच्यात बसेनात, म्हणून त्यांचं अर्धं पत्रक गाळायचं?

जाता जाता: मागच्या शब्दकोड्याचं उत्तर याही रविवारी छापलेलं नाही.

आपला,
एक जुना वाचक, डोंबिवली