आंतरराष्ट्रीय संबंधांच्या पदवीत भाषा आणि व्यापार कुठे आहे?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या शिक्षण पुरवणीत बारावीनंतरच्या वेगळ्या अभ्यासक्रमांवर लेख आला, त्यात आंतरराष्ट्रीय संबंध या विषयातल्या पदवीची ओळख करून दिली होती. ओळख चांगली होती, पण सगळा रोख एकाच गोष्टीवर होता: ही पदवी घ्या आणि परराष्ट्र सेवेत जा. इंदुरातही सध्या हेच वारे आहे. सुट्टीच्या दिवशी एखाद्या हॉटेलात खासगी विद्यापीठांचे मेळावे भरतात. माहितीपत्रकावर संयुक्त राष्ट्रांची इमारत, झेंड्यांची रांग आणि कोट घातलेली मुले. भाचीला घेऊन अशाच एका मेळाव्याला गेलो होतो. टेबलावरच्या मुलीला विचारले, परकी भाषा कोणती शिकवता? म्हणाली, “ऑप्शनल आहे सर, थर्ड इयरला.” आणि अर्थशास्त्र? “त्याचं इंट्रोडक्शन असतं ना.” फी वर्षाला काही लाख, होस्टेल वेगळे.

मी शिक्षक नाही. सोयाबीनची पेंड, म्हणजे आमच्या भाषेत डीओसी, बाहेर पाठवणाऱ्या इथल्या एका फर्ममध्ये निर्यातीची कागदपत्रे बघतो. या विषयातले मला जे थोडेफार कळते ते टेबलावर येणाऱ्या कागदांतून कळले आहे, आणि त्याच बाजूने चार शब्द लिहितो आहे.

आधी परराष्ट्र सेवेचे बोलून घेऊ. ही भरती यूपीएससीच्या नागरी सेवा परीक्षेतून होते आणि तिला कोणत्याही शाखेची पदवी चालते. सगळ्या सेवा मिळून हजाराच्या आसपास जागा निघतात, त्यात परराष्ट्र सेवेच्या अलीकडच्या वर्षांत तीस-चाळीस ते पन्नास-पंचावन्न. परराष्ट्रमंत्री जयशंकर याच सेवेतले. त्यांची पहिली पदवी रसायनशास्त्राची, आंतरराष्ट्रीय संबंधांकडे ते पुढे जेएनयूत वळले. २०१८ ते २०२० या काळात परराष्ट्र सचिव असलेले आपले विजय गोखले इतिहासाचे एमए, आणि चिनी भाषेचे जाणकार. जेएनयूच्या ज्या स्कूल ऑफ इंटरनॅशनल स्टडीजचे नाव सगळे घेतात, तिथला अभ्यासही एमएपासून सुरू होतो. तेव्हा राजदूत व्हायला हीच पदवी हवी, असे कोणी सांगत असेल तर तो माल विकतो आहे एवढेच समजावे.

पदवी निरुपयोगी आहे असे मात्र मी म्हणणार नाही. १९१९ साली वेल्समधल्या ॲबरिस्टविथला या विषयाचे पहिले अध्यासन निघाले ते पहिल्या महायुद्धाच्या धक्क्यातून. एवढा संहार का झाला आणि तो पुन्हा कसा टाळायचा, हा तिथला प्रश्न होता. नोकरीचा त्यात संबंध नव्हता. आज तोच प्रश्न वेगळ्या रूपात आमच्या ऑफिसात येऊन बसतो.

इराणचेच घ्या. २०१२ पासून भारत इराणी तेलाच्या किमतीतला काही भाग रुपयांत युको बँकेत जमा करी आणि इराण त्याच रुपयांतून आपला तांदूळ, चहा, औषधे, पेंड घेई. माळव्यातली डीओसी त्या खात्याच्या जोरावर तिकडे जात होती. मे २०१९ मध्ये अमेरिकेने इराणवरच्या आपल्या निर्बंधांतून दिलेली तेलखरेदीची सवलत काढून घेतली, आपण तेल घेणे थांबवले, आणि खात्यातले रुपये आटत गेले. गिऱ्हाईक तोच, माल तोच, भावही पटलेला, पण पैसे यायची वाटच अरुंद झाली. मंडीत गोणी घेऊन आलेल्या शेतकऱ्याला वाटते व्यापाऱ्याने भाव पाडला. वॉशिंग्टनच्या एका निर्णयाचे त्यात काय काम, हे त्याला समजावून सांगणारा माणूस मंडीत नसतो.

बिल ऑफ लेडिंगवर, म्हणजे जहाज कंपनीने माल घेतल्याच्या पावतीवर, जहाजाचे नाव आले की बँक ते नाव, जहाजाचा मालक आणि झेंडा निर्बंधांच्या याद्यांशी ताडून बघते. एलसीत, म्हणजे पैशाची हमी देणाऱ्या बँकेच्या पत्रात, पत्ता एक, कागदावर दुसरा, एवढ्यावरही पेमेंट अडते. नोव्हेंबर २०२३ नंतर तांबड्या समुद्रात येमेनमधल्या हूथी बंडखोरांचे जहाजांवर हल्ले सुरू झाले, तेव्हा युरोपची कंटेनर आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागली. वेळ वाढला, भाडे वाढले, आणि ठरलेल्या भावातला नफा समुद्रातच राहिला. त्याच वर्षी युरोपीय संघाने जंगलतोडीविरुद्धचा कायदा केला. त्यात सोयाबीनही आहे. पीक कोणत्या जमिनीवर आले त्याचे अक्षांश-रेखांश द्यायचे आहेत. आता देवास-उज्जैनकडच्या मंडीत दहा-पंधरा जणांचा माल एकाच ढिगात पडतो, कोणाचे शेत चार बिघ्यांचे, कोणाचे सहा. त्यातला कुठला दाणा कुठल्या शेतातला, हे सांगणार कोण? अंमलबजावणी पुढे ढकलली गेली म्हणून सध्या सगळे निवांत आहेत. आणि घरातल्या बायकांना विचाराल तर एप्रिल २०२२ मध्ये इंडोनेशियाने पामतेलाची निर्यात बंद केली तेव्हा किराण्याच्या यादीचे काय झाले, ते त्या माझ्यापेक्षा चांगले सांगतील.

आमच्याकडे याच विषयाची पदवी घेतलेला एक मुलगा कामाला आला होता. वास्तववाद आणि उदारमतवाद या दोन सिद्धांतांतला फरक त्याने फर्डा सांगितला. वेस्टफालियाचा तह १६४८ चा, हेही पाठ होते. पण निर्बंध म्हणजे नेमके कोण कोणावर लावतो, आणि ज्या देशाने ते लावलेच नाहीत तिथली बँकही का बिचकते, हे त्याला कॉलेजात कोणी शिकवले नव्हते. मुलगा हुशार, हाताशी काम येताच भराभर शिकला. हेच पदवीत असते तर काय बिघडले असते?

भाषेचे तर विचारूच नका. ज्यांनी घेतली त्यांनी फ्रेंच किंवा जर्मन, कारण क्लास त्यांचेच मिळतात. पेंड युरोपाखेरीज व्हिएतनाम, इंडोनेशिया, इराण, बांगलादेशाकडेही जाते. फारसी शिकलेला एक पदवीधर द्या, इंदुरातले चार निर्यातदार त्याला उद्या बोलावतील. पहिल्या वर्षापासून सलग शिकवली तरच भाषा अंगात मुरते. तिसऱ्या वर्षाच्या एका पेपरने नमस्कार-चमत्काराच्या पुढे गाडी जात नाही.

तसे पाहिले तर इंदुरात हा विषय शिकवायला फार लांब जायला नको. यशवंतराव होळकर १८०५ मध्ये इंग्रजांशी लढता लढता पंजाबात पोचले, रणजितसिंहांकडे मदत मागितली, ती मिळाली नाही, आणि डिसेंबरात बियासच्या काठी तह करावा लागला. पुढे महिदपूरची लढाई हरली आणि ६ जानेवारी १८१८ ला मंदसौरचा तह झाला. होळकरांच्या बाजूने तात्या जोग, समोर इंग्रजांचे माल्कम. खानदेश गेला, आणि दुसऱ्या सत्तांशी परस्पर बोलायचा अधिकारही गेला. त्यानंतर इंग्रजांचा रेसिडेंट इथे बसला. रेसिडेन्सी भागातून रोज स्कूटरवरून जाणाऱ्या मुलांना एका राज्याचे परराष्ट्र धोरण तिथे कसे मिटले, हे वर्गातून उठून चालत दाखवता येईल. जानेवारी २०२३ मध्ये प्रवासी भारतीय दिवस इथे झाला, गयाना आणि सुरिनामचे राष्ट्राध्यक्ष आले, रस्ते सजले. पण १८७३ मध्ये लालारुख जहाजातून गिरमिटिया, म्हणजे करारावर नेलेले, मजूर सुरिनामला गेले आणि अशाच मजुरांच्या वंशातला माणूस राष्ट्राध्यक्ष होऊन आपल्यासमोर उभा राहिला, ही गोष्ट किती वर्गांत सांगितली गेली असेल, मला शंकाच आहे.

रामबागेतल्या आमच्या मराठी घरांत अजून इंजिनीअरिंग की सीए याच्यापुढे प्रश्न सरकत नाही. त्यातून एखादी मुलगी जगाचे राजकारण शिकायचे म्हणते, तर तिला अडवू नये. मात्र लाखांची फी भरायच्या आधी दुसरी वाट बघावी. मध्य प्रदेशात २०२१-२२ पासून नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे पदवीला मेजर-मायनर, म्हणजे एक मुख्य आणि एक जोडविषय, घेता येते. राज्यशास्त्र किंवा इतिहास मेजर, अर्थशास्त्र मायनर, जोडीला पहिल्या वर्षापासून बाहेर एक भाषा, आणि आंतरराष्ट्रीय संबंध एमएला. खर्च त्या माहितीपत्रकातल्या एका वर्षाच्या फीइतकाही येणार नाही. पदवीलाच हा विषय हवा असेल तर जादवपूरसारख्या सरकारी विद्यापीठाचाही विचार व्हावा. खासगी ठिकाणी जायचेच, तर झेंड्यांचे फोटो बाजूला ठेवून सहा किंवा आठ सत्रांचा पूर्ण अभ्यासक्रम मागून घ्यावा. तो द्यायला टाळाटाळ झाली की काय ते कळलेच.

आमच्या देवी अहिल्या विद्यापीठात अर्थशास्त्राचा विभाग आहे, व्यवस्थापनाची संस्था आहे, आणि सोयाबीन प्रक्रिया करणाऱ्यांची देशव्यापी संघटनाही याच शहरात आहे. पीथमपूरची औषधे आणि गाड्यांचे सुटे भाग जगभर जातात. हे सगळे एका पेपरात आणून मुलांना महिनाभर निर्यातीच्या ऑफिसात बसवणे अवघड नाही. आमच्याकडे खुर्च्या रिकाम्या आहेत, चहा आम्ही पाजू.

आपल्याला एक विनंती. पुरवणीत आपण दरवर्षी कॉलेजांच्या फीचा तक्ता छापता. आंतरराष्ट्रीय संबंधांची पदवी देणाऱ्या विद्यापीठांचा असाच एक तक्ता छापावा: परकी भाषा कोणती, ती कोणत्या सत्रापासून, अर्थशास्त्राचे आणि व्यापाराचे पेपर किती, आणि मागच्या तुकडीतली मुले आज कुठे कामाला आहेत. शेवटचा रकाना भरून देणारी विद्यापीठे किती निघतात, ते बघायला मीही उत्सुक आहे.

आपला,
एक वाचक,
रामबाग, इंदूर