न हरलेल्या संघाला जोड कोण देणार?

प्रति,
मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात आपल्या अंकात एका वाचकाचे पत्र आले होते. अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलप्रमाणे आपल्या कोल्हापूरच्या पेठांच्या फुटबॉल संघांचीही क्रमवारी लावावी, जाणकारांची समिती नेमावी आणि तिने निवडलेल्या वरच्या चार संघांतच मुख्य स्पर्धा घ्यावी, म्हणजे शाहू स्टेडियमवरचे ‘फालतू सामने’ बंद होतील, असा त्याचा मथितार्थ. मी निवृत्त पंच आहे. शिट्टी ठेवून बरीच वर्षे झाली, पण ‘जाणकारांची समिती’ म्हटले की अजून कान टवकारतात. त्यात या अमेरिकन क्रमवारीची मला नको तितकी माहिती आहे. माझी पुतणी फ्लोरिडातल्या टॅलाहासी गावी शिकायला होती. तिच्यामुळे तिकडचे शनिवारचे सामने मी आमच्या रविवारच्या पहाटे बघू लागलो आणि घरच्यांच्या शिव्या खाऊनही ती सवय सुटली नाही.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडेसे. तो आपला फुटबॉल नव्हे. चेंडू लंबगोल, अंगावर चिलखत, आणि पायापेक्षा हातांनाच जास्त काम. वरच्या श्रेणीत सव्वाशेहून अधिक विद्यापीठे आणि प्रत्येकाच्या वाट्याला हंगामात साधारण बाराच सामने. ही विद्यापीठे गटागटांत विभागलेली, काही गट मोठे, बाकीचे लहान. सगळे सगळ्यांशी खेळूच शकत नाहीत. म्हणून १९३६ पासून तिथले पत्रकार मते देऊन क्रमवारी लावत आले. पुढे त्यात संगणकाचे गणित मिसळले गेले आणि २०१४ पासून तेरा जणांची समिती बसू लागली. खोलीत बसून त्यांनी चार नावे काढायची, त्या चौघांनी विजेतेपदासाठी खेळायचे. त्या वाचकाला आवडली ती हीच पद्धत. ती तिथे का टिकली नाही, ते त्यांच्या पत्रात नव्हते.

३ डिसेंबर २०२३. फ्लोरिडा स्टेट, म्हणजे पुतणीचे विद्यापीठ, तेरापैकी तेरा सामने जिंकून आपल्या गटाचे विजेते झाले होते. सुरुवातीलाच एलएसयू म्हणजे लुईझियाना स्टेटसारख्या तगड्या संघाला त्यांनी ४५-२४ असे लोळवले होते, क्लेमसनच्या मैदानावर जाऊन जादा वेळेत जिंकले होते. नोव्हेंबरात त्यांचा मुख्य क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून डाव चालवणारा खेळाडू, जॉर्डन ट्रॅव्हिस याचा पाय मोडला. त्यानंतरही ते हरले नाहीत. गटाच्या अंतिम सामन्यात तर तिसऱ्या पसंतीचा नवखा पोरगा उभा करून त्यांनी लुईव्हिलला १६-६ हरवले. समितीने काय करावे? एकेक सामना हरलेल्या टेक्सास आणि अलाबामाला आत घेतले आणि यांना पाचवे ठेवले. कारण असे दिले की ट्रॅव्हिसशिवाय हा संघ पूर्वीचा राहिलेला नाही. मोठ्या गटाचा अपराजित विजेता त्या चारांतून वगळला जाण्याची ती पहिलीच वेळ. बिचाऱ्या ट्रॅव्हिसने जाहीरपणे लिहिले की माझा पाय हंगामात आधीच मोडला असता तर बरे झाले असते, म्हणजे हा संघ माझ्या एकट्यावर उभा नाही हे तरी दिसले असते.

पंच म्हणून मला यातले एकच खटकते. जे झाले ते त्यांनी बाजूला ठेवले आणि जे होईल असे वाटले त्याला गुण दिले. आम्ही मैदानात चेंडू रेषा ओलांडून गेला की नाही एवढेच बघतो. ‘हा मारला असता तर गोल झाला असता’ म्हणून मी कधी शिट्टी वाजवली असती, तर पेठेतून घरी जाणे अवघड झाले असते.

यावर उत्तर ठरलेले आहे. पुढे ऑरेंज बाऊल या हंगामाअखेरच्या मानाच्या सामन्यात जॉर्जियाने फ्लोरिडा स्टेटला ६३-३ असे धुतले, तेव्हा समिती बरोबरच होती ना? पण तोवर त्या संघातले कितीतरी मुख्य खेळाडू खेळायचेच नाही म्हणून बाजूला झाले होते. ज्या सामन्यातून विजेतेपद निघणार नाही त्यासाठी कोण हातपाय मोडून घेईल? त्या निकालावरून आधीच्या निर्णयाचा पुरावा काढणे म्हणजे उपाशी ठेवून मग वजन करण्यासारखे आहे.

तरीही एक कबूल करायला हवे. ‘अपराजित’ एवढी पाटी लावली म्हणजे संघ थोर झाला असे नाही. त्याच वर्षी लिबर्टी नावाचे विद्यापीठही तेरापैकी तेरा जिंकून आले होते, पण त्यांचा कार्यक्रम अगदी हलका होता. समितीने त्यांना खूप खाली ठेवले आणि शेवटी ओरेगनने त्यांना ४५-६ हरवले. म्हणजे कोणाशी खेळलास, हा प्रश्न रास्त आहे. मला एवढेच विचारायचे आहे की तो प्रश्न विचारणाऱ्याने त्याला खेळू दिले होते का?

कोल्हापूरकरांना हे समजावायला नको. राजर्षी शाहू महाराजांनी १९१२ साली बांधलेल्या खासबाग मैदानात कुस्ती बघणारा माणूस आधी जोड बघतो. जोड तोडीस तोड नसेल तर चितपट केल्याचे कौतुक तिथेच संपते. पण जोड लावतो कोण? मैदान भरवणारे. पैलवान बापडा शड्डू ठोकून उभा असतो. त्याला मोठी जोड दिलीच नाही आणि वर्षाच्या शेवटी ‘तू कोणाशी लढलास?’ असे विचारले, तर पहिला ओरडा वस्ताद करतील.

अमेरिकेत नेमके हेच चालते. आपापल्या गटाबाहेरच्या सामन्यांच्या तारखा विद्यापीठे आपसांत ठरवतात, त्याही बऱ्याचदा वर्षे-वर्षे आधी. ज्याच्याशी ठरले तो संघ तोवर दादा झालेला असेल की गाळात गेलेला असेल, कोणाला ठाऊक? मोठे विद्यापीठ लहानाला पैसे देऊन आपल्या घरी बोलावते, हरवते, पाठवून देते. लहानाने ‘एक तुमच्याकडे, एक आमच्याकडे’ म्हटले की दोन तुमच्या आणि एक आमच्या मैदानावर असा व्यवहार पुढे येतो, नाहीतर फोन बंद. जिथे हरण्याची भीती आहे तिथे स्वतःहून कोण जाईल?

लहान गटातल्या सेंट्रल फ्लोरिडाचे २०१७ चे उदाहरण मला या सगळ्यात सर्वांत बोलके वाटते. दोनच वर्षे आधी ते बारापैकी बारा सामने हरले होते. २०१७ ला एकही हरले नाहीत. त्यांच्या कार्यक्रमात जॉर्जिया टेक हा मोठ्या गटातला संघ होता, पण इर्मा वादळामुळे तो सामनाच रद्द झाला. वादळाने नेलेल्या सामन्याची भरपाई क्रमवारीत कोण करणार? समितीने शेवटच्या यादीत त्यांना बारावे ठेवले. १ जानेवारी २०१८ ला पीच बाऊलमध्ये त्यांच्यासमोर ऑबर्न आले. या ऑबर्नने त्याच हंगामात अलाबामा आणि जॉर्जिया या दोघांनाही हरवले होते. सेंट्रल फ्लोरिडाने ऑबर्नला ३४-२७ हरवले. आठवड्याभराने विजेतेपदाचा सामना कोणात झाला? अलाबामा आणि जॉर्जियात. मग सेंट्रल फ्लोरिडाने स्वतःलाच राष्ट्रविजेते जाहीर केले आणि चक्क डिस्नेच्या नगरीत मिरवणूक काढली. लोक हसले. आपल्याकडे असते तर गुलाल संपला असता.

आणि ही रड काही नवी नाही. २००४ मध्ये ऑबर्न स्वतःच अपराजित राहूनही बाहेर बसले. तेव्हा क्रमवारीतल्या पहिल्या दोघांतच अंतिम सामना होई. हंगाम सुरू होण्याआधी, एकही चेंडू न फेकता, पत्रकारांनी दक्षिण कॅलिफोर्नियाला पहिले आणि ओक्लाहोमाला दुसरे धरले होते आणि ऑबर्नला सतरावे. पहिल्या दोघांनी हरायचे नाकारले, म्हणून ऑबर्न कितीही जिंकले तरी वर चढायला जागाच उरली नाही. त्या ओक्लाहोमाला अंतिम सामन्यात ५५-१९ असा मार बसला. पत्रकारांच्या संस्थेने त्यानंतर आपली क्रमवारी त्या गणितातून काढून घेतली, हे त्यांचे मोठेपण. २००८ चा युटा, २०१० चा टीसीयू (टेक्सास ख्रिश्चन) यांनीही सगळे सामने जिंकून शेवटी अनुक्रमे अलाबामा आणि विस्कॉन्सिनला हरवले आणि पत्रकारांच्या यादीत दुसऱ्या क्रमांकावर समाधान मानले. आणि २००९ च्या हंगामात तर कमाल झाली. टीसीयू आणि बॉइझी स्टेट, दोघे मोठ्या गटांबाहेरचे, दोघे अपराजित. त्यांना मोठ्यांशी न लढवता एकमेकांशीच लढवले! एकाला हरवायची सोय झाली आणि दुसऱ्याला ‘तू कोणाला हरवलेस’ म्हणायचीही.

चारांच्या पद्धतीला कंटाळून त्यांनी २०२४ पासून बारा संघ आत घ्यायला सुरुवात केली आणि गटविजेत्यांपैकी वरच्या पाचांना हक्काची जागा दिली. ही हक्काची जागा मला पटते. त्याच हंगामात ओरेगन तेरापैकी तेरा जिंकून पहिल्या क्रमांकाने आत आले आणि ओहायो स्टेटने त्यांना ४१-२१ हरवले. ओहायो स्टेट त्याआधी दोन सामने हरलेले होते, त्यातला एक याच ओरेगनकडून, तरी विजेतेपद त्यांनीच नेले. ओरेगनचा कोणी कैवार घेतला नाही, मीही घेणार नाही. ते मैदानात हरले, विषय संपला.

इंडियानाचे बघा. या विद्यापीठाला हरण्याचीच परंपरा. २०२४ ला पहिले दहा सामने जिंकले तर जाणकार म्हणाले, कोणाशी खेळले? ओहायो स्टेटकडून हरले, पुढे नोत्र दामकडूनही, तेव्हा तेच जाणकार ‘आम्ही म्हणत होतो ना’ म्हणाले. २०२५ लाही गटाबाहेरचे तीन सामने त्यांनी हलक्याच संघांशी घेतले, त्याचे समर्थन मी करणार नाही. पण ते मोठ्या गटात असल्यामुळे त्यांना मोठी जोड आपोआप मिळाली. ओरेगनला त्यांच्या घरी हरवले, ओहायो स्टेटला १३-१० हरवले आणि मायामीला २७-२१ ने हरवून सोळापैकी सोळा जिंकत विजेते झाले. हाच संघ एखाद्या लहान गटात असता, तर सोळाव्या सामन्यापर्यंत पोहोचलाच नसता. २०२५ लाच टुलेन आणि जेम्स मॅडिसन हे लहान गटांतले विजेते बारात आले, पहिल्याच सामन्यात हरले आणि लगेच ‘यांची जागा होती का’ अशी चर्चा सुरू झाली. मोठ्या गटांतले संघही पहिल्या सामन्यात हरतात, त्यांच्याबद्दल असे कोणी विचारत नाही.

तारखा वर्षानुवर्षे आधी ठरतात, आता काही बदलता येत नाही, असे तिथले व्यवस्थापक म्हणतात. मग २०२० च्या डिसेंबरात काय झाले? कोरोनामुळे कोस्टल कॅरोलायनाचा प्रतिस्पर्धी ऐनवेळी बाद झाला. ते अपराजित होते. दुसऱ्या टोकाला युटामधले बीवाययू, म्हणजे ब्रिगहॅम यंग विद्यापीठ, हेही अपराजित होते आणि त्यांनाही ‘कोणाशी खेळलात’ हेच ऐकावे लागत होते. गुरुवारी ठरले, बीवाययू अर्धा देश ओलांडून गेले, शनिवारी खेळले. शेवटच्या क्षणी बीवाययूच्या खेळाडूला गोलरेषेपासून एका यार्डावर आडवा पाडला आणि कोस्टल २२-१७ जिंकले. त्या हंगामातला इतका चुरशीचा सामना मी दुसरा पाहिला नाही. दोन दिवसांत जे जमले ते दरवर्षी का जमू नये? हंगामाच्या शेवटी दोन शनिवार सगळ्यांनी मोकळे ठेवावेत, लहान गटांतल्या न हरलेल्यांची गाठ त्या दिवशी मोठ्या गटांतल्या वरच्यांशी घालावी, आणि मोठ्याने नकार दिला तर त्याचा क्रमांक खाली जावा. मग समितीला अंदाज बांधायचे काम उरत नाही.

आता आपल्याकडचे. पेठांचे संघ सोळा-वीस असतील, सव्वाशे नव्हेत. साखळीत सगळ्यांना सगळ्यांशी खेळवणे शक्य आहे आणि बाद पद्धतीत चिठ्ठ्या टाकल्या की कोणाचा कोणावर आरोप राहत नाही. ज्यांना ते पत्रलेखक ‘फालतू’ सामने म्हणतात, त्यांतूनच दर दोन-तीन वर्षांनी एखादा लहान तालमीचा संघ मोठ्याची झोप उडवतो, आणि त्या दिवशी प्रेक्षकांत उभे राहायला जागा नसते. मानांकन द्यायचेच असेल तर ते मागच्या हंगामाच्या गुणतक्त्यावरून द्यावे, पहिल्या सामन्याआधी स्टेडियमच्या दारावर लावावे आणि नंतर कोणाच्याही फोनवरून बदलू नये. चिठ्ठ्या उघड्यावर, सगळ्या संघांच्या कर्णधारांसमोर निघाव्यात. कोणत्याही संघाला ‘आम्हाला अमुक नको’ म्हणता येणार नाही, एवढी एक ओळ प्रवेश अर्जावर छापावी. तो अर्ज यंदा छापायला टाकण्याआधी आयोजकांनी या सूचनेचा विचार केला तर बरे होईल.

आपला नम्र,
एक निवृत्त फुटबॉल पंच,
मंगळवार पेठ, कोल्हापूर