इटलीच्या ट्रेनबद्दल थोडं राहिलंच

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीतला इटलीवरचा लेख वाचला, फोटो झकास होते, पण शेवटी लेखकाने एका वाक्यात जे उरकलंय ना, की शहरा-शहरांमध्ये ट्रेनने फिरा आणि सगळी तिकिटं आधीच काढून ठेवा, तिथे अडलो म्हणून हे पत्र. ट्रेनने फिरा हे शंभर टक्के बरोबर. रोम ते फ्लॉरेन्स दीड तास, रोम ते नेपल्स सव्वा तासाच्या आसपास, मिलान ते रोम साधारण तीन तास आणि उतरता ते थेट शहराच्या मध्यात. गाडी भाड्याने घेणारे हौशी लोक जुन्या शहरांतल्या झेडटीएल नावाच्या बंदी असलेल्या भागात नकळत घुसतात, कॅमेरा फोटो काढतो आणि घरी येऊन पार विसरून गेल्यावर दंडाची नोटीस येते.

पण "सगळी तिकिटं आधी काढा" हे अर्धंच खरं. तिथे गाड्या ढोबळमानाने दोन प्रकारच्या आहेत आणि दोन्हींचे नियम एकमेकांशी जुळत नाहीत, नवख्यांचे बहुतेक घोळ इथेच होतात.

एक म्हणजे फास्टवाल्या. सरकारी ट्रेनइटालियाची फ्रेचारोसा आणि 2012 पासून धावणारी खाजगी कंपनीची इटालो, दोन्ही ताशी 300 किमीपर्यंत पळतात. इथे गाडी, डबा, सीट सगळं ठरलेलं, आणि भाडं विमानासारखं चढतं. त्यामुळे ह्यांची तिकिटं महिना-दोन महिने आधी काढली तर चांगलाच फरक पडतो. फक्त सगळ्यात स्वस्त तिकिटावर पैसे परत मिळत नाहीत, म्हणून विमानातून उतरल्या दिवशीच्या गाडीचं असं तिकीट काढू नये, फ्लाइट लेट झाली की गेलं. आणि एका कंपनीचं तिकीट दुसरीच्या गाडीत चालत नाही, रूट तोच असला तरी.

दुसऱ्या म्हणजे रेजोनाले, आपण पॅसेंजर म्हणू तशा. फ्लॉरेन्सहून पिसाला किंवा लुक्काला, ला स्पेझियाहून चिंक्वे तेर्रेच्या गावांना ह्याच जातात. भाडं ठरलेलं, आज काढा नाहीतर महिनाभर आधी काढा, तेवढंच. सीट नंबर नाही, मिळेल तिथे बसा. मग आधी काढून मिळतं काय? काहीच नाही, उलट वेळेचं बंधन येतं.

मात्र इथेच खरी मेख आहे. कागदी तिकीट घेतलं असेल तर चढायच्या आधी प्लॅटफॉर्मजवळ भिंतीवर किंवा खांबावर छोटं मशीन असतं, त्यात तिकिटाचं टोक सरकवायचं, खर्रकन आवाज होतो आणि तारीख-वेळ छापून येते. ती छापलेली नसेल तर तिकीट असून नसल्यासारखं. पिसाच्या गाडीत समोर बसलेल्या एका वयस्कर जोडप्याची तिकिटं टीसी बाईंनी उलटून पालटून बघितली, छाप कुठेच नाही, ते बिचारे पैसे भरल्याची पावती दाखवतायत आणि बाई शांतपणे दंडाचं बिल काढतायत. मोबाईलवरच्या रेजोनाले तिकिटालाही 2023 पासून काही काळ चढण्याआधी चेक-इन करावं लागायचं, मेलमध्ये लिंक यायची. फ्रेचारोसा-इटालोला ह्यातलं काहीच लागत नाही. हे असं कुठल्याच टूरवाल्याच्या पत्रकात नसतं!

आता स्टेशनं. बोर्डावर फ्लॉरेन्स हे नाव शोधत बसलात तर गाडी निघून जाईल. तिथे फिरेंझे लिहितात, व्हेनिसला वेनेत्सिया, नेपल्सला नापोली. त्यातही बोर्डावर शेवटचं स्टेशन असतं, म्हणजे रोमहून फ्लॉरेन्सला जाणारी तुमची गाडी मिलान किंवा वेनेत्सिया नावाखाली लागलेली असू शकते, त्यामुळे तिकिटावरचा गाडी नंबर जुळवणं हाच एक रस्ता. प्लॅटफॉर्मला बिनारियो म्हणतात आणि त्याचा नंबर बऱ्याचदा अगदी दहा-पंधरा मिनिटं आधी लागतो, तोवर अख्खा घोळका माना वर करून उभा. रोम टर्मिनीला आणि मिलान सेंट्रलला प्लॅटफॉर्मच्या आधी तिकीट चेक करणारी गेट आहेत, तिथे रांग लागते ते धरूनच निघावं. बोलोन्याला फास्ट गाड्या जमिनीखाली खोलवर लागतात, दोन-तीन सरकते जिने उतरावे लागतात, गाडी बदलायला दहाच मिनिटं ठेवली असतील तर देवाचं नाव घ्या.

व्हेनिसचं तर वेगळंच. मेस्त्रे हे स्टेशन अलीकडे, जमिनीवर. खरं व्हेनिस म्हणजे सांता लुचिया, तिथे जाताना गाडी 1846 सालच्या पुलावरून पाण्यावरनं जाते आणि स्टेशनच्या पायऱ्यांसमोरच ग्रँड कॅनाल. हॉटेल स्वस्त म्हणून मेस्त्रेला घेतलं असेल तर ठीक, एरवी वेनेत्सिया वाचून घाईत मेस्त्रेलाच उतरू नका, पुढचं स्टेशन गाठा.

तिकिटाच्या मशीनवर मदत करायला येणारा माणूस रेल्वेचा नसतो. भाषा इंग्रजी निवडता येते, स्वतःच काढा, पाकीट पुढच्या खिशात. मोठ्या बॅगा दोन-दोन नेऊ नका, चढवायला हमाल नाही आणि रेजोनालेच्या जुन्या डब्यांना पायऱ्या उंच असतात.

संप हा राहिलाच. त्याला तिथे शोपेरो म्हणतात, होतो वरचेवर, बऱ्याचदा शुक्रवारी, पण आधी जाहीर करावा लागतो. रेल्वेचा संप असला तरी कामाच्या दिवशी सकाळी 6 ते 9 आणि संध्याकाळी 6 ते 9 रेजोनाले गाड्या चालवणं बंधनकारक आहे, आणि लांबच्या काही ठरलेल्या गाड्यांची यादीही वेबसाइटवर असते. संपाची तारीख कळली तर परतीच्या विमानाच्या आदल्या दिवशीच त्या शहरात पोचून राहावं.

आपला,
एक नियमित वाचक