ब्रिजिडचा क्रॉस बांधत नाहीत, विणतात

संपादक महोदय,

ब्रिजिड नावाची आयर्लंडची एक प्राचीन देवी आहे आणि त्याच नावाची एक ख्रिस्ती संतही. तिच्याविषयी लिहिताना तिच्या क्रॉसला ‘गवताचा क्रॉस’ किंवा ‘देवीचे प्राचीन चिन्ह’ म्हटले जाते आणि तिची सुटी दरवर्षी १ फेब्रुवारीला असल्याचे सांगितले जाते. पण नुसते ‘गवताचा क्रॉस’ म्हणून भागत नाही. दोन काड्या आडव्या-उभ्या ठेवून दोरा गुंडाळला की तो झाला, असा समज त्यातून होतो. मुळात तो दोऱ्यावर नव्हे, घड्यांवर टिकतो.

त्यासाठी दलदलीत उगवणारे रश, म्हणजे लव्हाळ्यासारख्या वनस्पतीचे हिरवे गोल देठ लागतात. ३१ जानेवारीला ते आणतात. रीत अशी की कापायचे नाहीत, उपटायचे. मध्यम आकाराला १७ देठ पुरतात: एक मधला, बाकी प्रत्येक बाजूला चार. मधला उभा धरायचा. दुसरा मधोमध दुमडून त्याच्या कमरेभोवती अडकवायचा, दोन्ही टोके उजवीकडे. आता सगळे डावीकडे पाव फेरा वळवायचे. ती टोके वर येतात. पुढचा देठ दुमडून वर आलेल्या सगळ्या देठांभोवती घालायचा, टोके पुन्हा उजवीकडे, पुन्हा पाव फेरा. मध्यावर हळूहळू तिरक्या घड्यांचा चौकोन उमटतो.

बिघडते ते इथेच. एकदा जरी उलटा फेरा झाला तरी आधीची घडी पुढच्या घडीखाली दबत नाही आणि चौकोन उसवतो. मध्यावरचा अंगठा तर शेवटपर्यंत उचलायचा नाही. देठ वाळलेला असेल तर दुमडताच तडकतो. हिरवा देठ पुढे सुकून आकसतो, म्हणून प्रत्येक घडी मध्याशी घट्ट ओढायची. चारही टोके बांधायची आणि मगच कातरून सारखी करायची. तयार क्रॉस दारावर किंवा छताच्या वाशात खोचतात. आगीपासून घर राखतो, ही श्रद्धा.

आता देवी आणि संत यांच्या गल्लतीविषयी. इ. स. ९०० च्या सुमाराच्या ‘कॉर्मॅकचा शब्दकोश’ या आयरिश ग्रंथात दाग्दा या देवाची मुलगी ब्रिजिड ही कवींची देवता आहे; तिच्याच नावाच्या दोन बहिणी वैद्यकीच्या आणि लोहारकामाच्या. क्रॉसचा तिथे उल्लेख नाही. मरणशय्येवरच्या सरदाराजवळ जमिनीवरचे रश उचलून क्रॉस विणल्याची कथा आयर्लंडमधल्या किल्डेअरच्या संत ब्रिजिडची. त्यामुळे ‘देवीचे प्राचीन चिन्ह’ असे ठासून लिहिणे घाईचे आहे. इम्बोल्क हा वसंतारंभाचा सण मात्र जुनाच, आणि तो संतिणीच्या दिवशीच, १ फेब्रुवारीला येतो. त्याच्या आदल्या रात्री घराबाहेर कापडाचा तुकडा ठेवतात. ब्रिजिड जाताजाता त्याला स्पर्श करते आणि वर्षभर ते डोकेदुखीवर चालते, असे मानतात.

सुटीचीही एक दुरुस्ती. आयर्लंडमध्ये २०२३ पासून संत ब्रिजिडच्या दिवसाची सार्वजनिक सुटी आहे, पण दरवर्षी १ फेब्रुवारीला नव्हे. ती फेब्रुवारीच्या पहिल्या सोमवारी असते. १ तारखेला शुक्रवार आला, तर मात्र त्या शुक्रवारीच. तसा योग पहिल्यांदा २०३० मध्ये आहे.

– एक वाचक