तंबाखूच्या वखारीत बसून जागतिकीकरण शिकवा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

माझी पुतणी बी. ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. अर्थशास्त्र, राज्यशास्त्र, समाजशास्त्र या तिन्ही विषयांत तिला जागतिकीकरणाचा पाठ आहे आणि तिन्ही वह्यांत वेगवेगळे लिहिलेले आहे. एकीत 1991 चे धोरण, आयात शुल्कातील कपात, परकी गुंतवणूक. दुसरीत देशाच्या सार्वभौमत्वावर येणाऱ्या मर्यादा. तिसरीत स्थलांतर आणि बदलते कुटुंब. "काका, यातलं खरं कुठलं?" असे तिने विचारले. या प्रश्नाचे उत्तर निपाणीत जितके नीट देता येईल तितके क्वचितच दुसरीकडे देता येईल, म्हणून हे पत्र.

आमच्या शिवारातला तंबाखू मुळात अमेरिका खंडातला. पोर्तुगीजांच्या जहाजांतून तो हिंदुस्थानात आला. संकेश्वरी मिरचीचे मूळही तिकडचेच. इतिहासाचा अभ्यासक म्हणेल, जागतिकीकरण चारशे वर्षांपूर्वीच तुमच्या बांधावर येऊन बसले, 1991 कसले सांगता? अर्थशास्त्राचा विद्यार्थी इंग्रज अर्थतज्ज्ञ रिकार्डोचा 1817 चा सिद्धांत मांडेल: ज्याला जे तुलनेने स्वस्तात जमते ते त्याने करावे, बाकीचे विकत घ्यावे, त्यात दोघांचा फायदा. त्यावर अमेरिकन समाजशास्त्रज्ञ वॉलरस्टीनने 1970 च्या दशकात वेगळाच प्रश्न टाकला: कच्चा माल देणारा कायम कच्चा मालच का देत राहतो, आणि नफा ठरावीक देशांतच का साठतो? या मंडळींच्या वादात कोणी एक खोटा ठरत नाही. प्रत्येकाचा पहिला प्रश्न निराळा असतो, म्हणून उत्तर निराळे येते.

हे पुस्तकातून सांगितले की मुलांच्या डोक्यावरून जाते. पण आपल्या भागात याचा जिवंत दाखला आहे. खानापूर तालुक्यातून निघणाऱ्या मलप्रभेच्या लाभक्षेत्रात, नरगुंद-नवलगुंदला, 1980 साली शेतकरी उठले, आणि त्यातून कर्नाटक राज्य रयत संघ उभा राहिला. पुढच्याच वर्षी तंबाखूच्या भावासाठी शेतकरी संघटनेच्या शरद जोशींच्या नेतृत्वाखाली निपाणीचे आंदोलन झाले. महामार्ग अडवला गेला, गोळीबारात शेतकऱ्यांचे जीव गेले. ती आठवण आमच्या घराघरात आहे. शेतकरी दोन्हीकडचे, राग सरकारवरचा, मागणी घामाच्या दामाची.

दहा-बारा वर्षांनी डंकेल प्रस्ताव, म्हणजे शेतीसह जागतिक व्यापार खुला करण्याच्या कराराचा मसुदा, आला आणि या दोन चळवळींच्या वाटा पार उलट दिशांना गेल्या. शरद जोशी म्हणाले, दरवाजे उघडा. निर्यातबंदी लादून आणि भाव पाडून सरकारच शेतकऱ्याला उणे सबसिडी, म्हणजे मदतीऐवजी उलट तोटा, देत आले आहे, खुल्या बाजारात तो तगेल. रयत संघाचे प्रा. नंजुंडस्वामी म्हणाले, दरवाजे उघडलेत तर बियाणे कंपन्यांच्या ताब्यात जाईल. 1992 च्या डिसेंबरात त्यांच्या कार्यकर्त्यांनी बंगळुरात कारगिल सीड्स या बहुराष्ट्रीय बियाणे कंपनीच्या कार्यालयातली कागदपत्रे बाहेर काढून जाळली. दोघेही जग पाहिलेले. एकाने स्वित्झर्लंडमध्ये आंतरराष्ट्रीय टपाल संघटनेत नोकरी केलेली, दुसरे कायद्याचे प्राध्यापक. जोशींचा पहिला प्रश्न होता, भाव कोण पाडतो? नंजुंडस्वामींचा होता, बियाण्याचा मालक कोण? माझ्या मते जागतिकीकरणावरचा इतका उत्तम पाठ कुठल्याही विद्यापीठाच्या ग्रंथालयात सापडणार नाही.

दुर्दैव असे की, आमची मराठी शाळांतली मुले जोशींचे नाव ऐकून मोठी होतात आणि कन्नड शाळांतली नंजुंडस्वामींचे. पुढे कॉलेजात ती एकाच बाकावर बसतात, पण ही अर्धी अर्धी गोष्ट कोणी जोडून देत नाही. मी शाळेत शिकवत होतो तेव्हापासून मला हे खटकत आले आहे.

आमच्या गल्लीतली एक बाई दुपारभर मांडीवर सूप घेऊन विड्या वळते. भिजवलेले पान मापाच्या पत्र्यावर ठेवून कापायचे, चिमूटभर तंबाखू भरायचा, वळायचे, दोरा गुंडाळायचा, तोंड नखाने दुमडायचे. हात चालू असतो आणि ती बोलत असते. मजुरी दर हजार विड्यांमागे. तंबाखू नियंत्रणाचा आंतरराष्ट्रीय करार 2005 साली लागू झाला, भारत त्यात आहे. पाकिटावरची रोगाची चित्रे ही त्याच वाटेने आली आणि ती योग्यच आहेत, तंबाखू माणसे मारतो. पण त्याच कराराच्या 17 व्या कलमात तंबाखू पिकवणाऱ्यांना आणि त्यातल्या कामगारांना परवडणारा दुसरा धंदा मिळावा यासाठी मदत करण्याचे म्हटले आहे. चित्र तिच्यापर्यंत पोहोचले, कलम पोहोचले नाही. हा प्रश्न राज्यशास्त्राचा, अर्थशास्त्राचा की समाजशास्त्राचा? तिन्हींच्या मध्ये पडून तो कोणाच्याच प्रश्नपत्रिकेत येत नाही.

सीमाभागातल्या महाविद्यालयांना माझी विनंती आहे की, या तिन्ही विषयांच्या विद्यार्थ्यांना मिळून एकच प्रकल्प द्यावा. एक दिवस तंबाखूच्या वखारीत, एक दिवस विडी कामगारांच्या वस्तीत, एक दिवस हत्तरगीला, जिथे उसाच्या पट्ट्यात विमानांचे सुटे भाग बनतात. अहवाल मराठी आणि कन्नड मुलांनी एकत्र बसून लिहावा आणि त्यात 17 व्या कलमाचे आपल्या तालुक्यात काय झाले हे तहसील कचेरीत विचारून नोंदवावे. वखारीत आणि वस्तीत ओळख करून द्यायला मी येईन.

आपला,
एक निवृत्त माध्यमिक शिक्षक,
ता. निपाणी, जि. बेळगाव