आहेराची वही आणि पावतीपुस्तक

चोपडा, जि. जळगाव

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. तुमच्या अभ्यासिकेला देणगी देणारे वर्षागणिक कमी होत चालले आहेत, म्हणून दिवाळीनंतर सुरतेला जाऊन तिथल्या खानदेशी मंडळींमधून नवे देणगीदार मिळवावेत असा तुझा विचार आहे. जरूर जा, पण त्याआधी, गेल्या तीन वर्षांत ज्यांनी एकदा दिले आणि पुन्हा दिले नाही, त्यांची यादी काढ. ही माणसे तुमचे काम ओळखतात, त्यांनी एकदा विश्वास टाकलेला आहे आणि त्यांतली बहुतेक शहादा-तळोद्यातच राहतात. ती का थांबली हे ठाऊक नसताना नवी माणसे जोडली, तर तीही त्याच वाटेने निघून जातील.

हे मी स्वतःच्या चुकीवरून लिहितो आहे. अमळनेरचे एक निवृत्त शिक्षक दर आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्या वसतिगृहाला एक हजार रुपये देत असत, अकरा वर्षे न चुकता. मग ते थांबले, आणि आम्ही वयाचा विचार करून गप्प बसलो. दोन वर्षांनी मी भेटायला गेलो, तेव्हा ते धुळ्याला मुलीकडे राहायला गेल्याचे कळले. आमच्या पावत्या जुन्या पत्त्यावर जात राहिल्या होत्या. मदतीचे आवाहन मात्र दरवर्षी त्यांच्या मोबाइलवर बिनचूक पोहोचत होते. ते इतकेच म्हणाले, "पैसे पोहोचले की नाही ते कळेना, आणि विचारणे बरे दिसेना." आपल्याकडे दिलेल्या पैशाचा हिशेब मागणे देणाऱ्यालाच अवघड वाटते. तो भांडत नाही, तक्रार करत नाही, फक्त पुढच्या वर्षी देत नाही. आणि संस्था समजते की माणसाची आवड सरली.

त्या दिवशी परत येताना मला घरातली आहेराची वही आठवली. कोणाच्या लग्नात कोणी काय आणले हे आपल्या आया किती निगुतीने लिहून ठेवतात! रकमेइतकेच नातेही त्या वहीत असते, आणि त्या घरी कार्य निघाले की आधी वही उघडली जाते. आपल्या पावतीपुस्तकात मात्र नाव, रक्कम आणि तारीख एवढेच असते. म्हणून मी आता वेगळी वही ठेवली आहे. देणगी कोणाच्या स्मरणार्थ आहे, दाता आपल्याकडे प्रथम कोणामुळे आला, नाव फलकावर लावलेले त्याला आवडते की गुप्तदानच हवे आहे, आणि आपण त्याला शेवटचे कधी भेटलो, हे सारे तिच्यात असते. पत्ता बदलला की त्याच दिवशी नोंद होते.

या वहीचा खरा उपयोग मला केळीवाल्यांमुळे कळला. रावेर-यावलकडचे काही बागायतदार केळी कापणीनंतर आम्हाला नेमाने देतात. मे-जूनच्या वादळात घडांनी लगडलेल्या बागा एका रात्रीत आडव्या होतात, हे तुला सांगायला नको. एका वर्षी असेच वादळ झाले, आणि छापून ठेवलेली आवाहनपत्रे टपालात टाकायला आमचा मुलगा निघाला असताना मी त्याला थांबवले. त्याऐवजी आम्ही दोघे त्यांच्या बांधावर गेलो, बसलो, विचारपूस केली आणि पैशाचा शब्दही न काढता परतलो. त्या वर्षी त्यांच्यापैकी कोणी काही देऊ शकले नाही. पुढच्या वर्षी सगळे परत आले, आणि एकाने शेजाऱ्यालाही सोबत आणले. म्हणून म्हणतो, वर्षातून एकदा तरी दात्याकडे काहीही न मागता गेले पाहिजे. आभाराच्या पत्रातच पुढची मागणी घातली, तर ते आभार राहतच नाहीत.

पावतीचे काम कोरडे आहे, पण तिथली ढिलाई विश्वास तोडते. पावती आठवड्याच्या आत जावी आणि नावात चूक नसावी. देणगीवर दात्याला मिळणाऱ्या ८०जी या आयकर सवलतीसाठी २०२१-२२ या आर्थिक वर्षापासून संस्थेला देणग्यांचे विवरण १०बीडी या नमुन्यात ३१ मेपर्यंत भरावे लागते आणि दात्याला १०बीई हे प्रमाणपत्र द्यावे लागते. तुम्ही विवरण भरले नाही तर त्याची वजावट अडते. त्यासाठी पॅन क्रमांक देणगी घेतानाच विचारून घ्यावा. दोन हजारांपेक्षा अधिक रोख रकमेवर ही सवलत नाही, आणि नवी करप्रणाली निवडणाऱ्यालाही ती मिळत नाही, हे आधीच स्पष्ट सांगावे. कायम निधीसाठी, म्हणजे मूळ रक्कम न मोडता फक्त व्याज वापरण्यासाठी, कोणी रक्कम दिली, तर तसे त्याच्याकडून लेखी घ्यावे आणि त्या व्याजातून यंदा काय झाले ते दरवर्षी कळवावे, कारण अशा दात्याला आपण एकदाच भेटतो आणि मग विसरतो.

दरमहा खात्यातून आपोआप रक्कम वळती होण्याची सोय चांगली आहे, पण तिच्यात एक धोका मला दिसला. पैसे न मागता येतात, म्हणून माणूस डोळ्यांआड होतो. दरमहा दोनशे रुपये देणाऱ्या एका परिचारिकेला आम्ही दीड वर्षात एकदाही फोन केला नव्हता. अशांची यादी मी आता वहीच्या पहिल्या पानावर ठेवतो.

सत्काराविषयी तू विचारले आहेस. शाल-श्रीफळावर देणगीचेच पैसे खर्च करणे मला पटत नाही, आणि मुलांना रांगेत उभे करून आभार मानायला लावणे तर मुळीच नाही. ती मुले कोणाची ऋणको नाहीत. साने गुरुजी अमळनेरला प्रताप हायस्कूलच्या वसतिगृहात मुलांसाठी हाताने लिहिलेले दैनिक काढत असत. त्यावरून सुचून आमची पावरा आणि तडवी या आदिवासी जमातींतली मुले दर तीन महिन्यांनी दोन पानांचे बातमीपत्र लिहितात, आणि त्याच्या प्रती आम्ही दात्यांना पाठवतो. त्यात विहिरीची मोटार जळाल्याचे असते, कोणी नापास झाल्याचेही असते. हे लपवू नये, असे माझे ठाम मत आहे. धुळ्याला गेलेले ते निवृत्त शिक्षक आता पानांतल्या शुद्धलेखनाच्या चुका तांबड्या शाईने दुरुस्त करून परत पाठवतात, आणि मुले त्यांच्या पाकिटाची वाट पाहतात. त्यांची आखाजीची देणगीही पुन्हा सुरू झाली आहे.

कार्तिकात भरताच्या वांग्यांचे दिवस असतील, तेव्हा दोन दिवस इकडे ये. येताना तुमच्या तीन वर्षांच्या पावतीपुस्तकांच्या स्थळप्रती आण, म्हणजे आपण दोघे बसून थांबलेल्यांची नावे काढू आणि पहिली दहा पत्रे इथेच हाताने लिहून टाकू. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
जुना वर्गमित्र